विस्तव राखणारी माणसं

भानवस
रात्री १०:१२

परवा आमच्या इमारतीतली वीज संध्याकाळी गेली ती अकरापर्यंत आली नाही. समई लावायला म्हणून लेकीच्या हातात काडेपेटी दिली. लेक नववीत आहे. तिने काडी दोन-तीनदा घासली, पेटली तशी दचकली आणि हातातून टाकूनच दिली. पायपुसण्यावर पडली, मी चपलेने चिरडली. तिचा राग नाही आला. आमच्या घरात इंडक्शन आहे, गीझर आहे. या मुलीने पंधरा वर्षांत जाळ असा जवळून बघितलाय तो वाढदिवसाच्या मेणबत्तीवर. तिला तो हाताळायचा कसा हे कळणार कुठून? पण त्या रात्री झोप लागेना आणि आजी आठवत राहिली.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. मी दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. स्वयंपाकघरात मातीची चूल, शेजारी वैल (चुलीला जोडलेली दुसरी, छोटी चूल), मागे भानवस, म्हणजे चुलीमागचा भांडी ठेवायचा उबदार ओटा. (माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय. भानवशीवर दुधाचं पातेलं आणि मांजर दोन्ही ऊब खात असायची.) परसात पाण्याचा चुला वेगळा. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की आजी जळकी लाकडं ओढून विझवायची आणि एक चांगला टणक निखारा निवडून राखेत पुरायची. वर राख हाताने थापायची, बाळाला पांघरूण घालावं तशी. पहाटे राख बाजूला करून त्यावर नारळाचं सोडण ठेवलं आणि फुंकणीने दोन फुंकरी घातल्या की धूर, मग ठिणगी, मग जाळ. आमच्याकडे काडेपेटी कोनाड्यात असायची, पण आठवड्यात एखादीच काडी खर्च व्हायची.

कधी विस्तव विझलाच तर शेजारच्या घरी जायचं. "विस्तव आहे का गो?" एवढंच विचारायचं. सोडणाच्या टोकाला विस्तव धरून, फुंकत फुंकत, वाऱ्याकडे पाठ करून मी घरी आणलेला आहे. "त्या दोघांत विस्तव जात नाही" असं आपण सहज म्हणतो, त्याचा अर्थ मला तेव्हा शब्दशः कळला. भांडण इतकं की एकमेकांच्या चुलीतला निखारासुद्धा मागायचा नाही.

आता दुसरी बाजू लिहिते. ती लिहायची हिंमत यायला मला बरीच वर्षं लागली.

मी सात वर्षांची होते, धाकटा भाऊ पाच. थंडीचे दिवस, झोडणी संपून खळ्यापलीकडे पेंढ्याची उडवी रचलेली. काकी पाण्याच्या चुल्यापाशी होती. गाय दावं तोडून परसातल्या भाजीत शिरली म्हणून ती धावली. पाच मिनिटं, फार तर सात. तेवढ्यात भावाने चुल्यातलं कोलीत ओढलं आणि चूड (झावळ्यांची मशाल) घेऊन वाटेने चालणाऱ्या माणसाचं सोंग करत उडवीभोवती फिरायला लागला. मी बघत होते. मला ते खूप मजेचं वाटलं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

पेंढा पेटताना आवाज करतो. कोणीतरी मोठ्ठा कागद चुरगळतंय असा. तो आवाज झाला आणि त्या बाजूची हवाच तापली. वाडीतली सगळी माणसं विहिरीपासून रांग लावून कळश्या पोचवत होती. घर वाचलं. उडवी गेली, म्हणजे गुरांची वर्षभराची वैरण गेली. भावाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. आजीने चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल घोटून लावलं, मग बैलगाडीतून दवाखाना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाडीतल्या प्रत्येक घरातून पेंढ्याचा एकेक भारा आमच्या खळ्यात येऊन पडायला लागला. ज्यांच्या घराशी आमचा विस्तव जात नव्हता, त्यांच्याकडूनही आला. कोणी काही बोललं नाही. भारा टाकायचा आणि जायचं.

आणि त्या जळिताच्या रात्रीही आजीने निखारा राखेत पुरला. मी विचारलं, आता कशाला गं? ती म्हणाली, "सकाळी चाय कशावर करू?"

तर धागा यासाठी. विस्तवाने तुम्हाला काय दिलं, काय नेलं? तुमच्या घरी तो कोण राखायचं? आणि आपल्या पोरांना त्याची ओळख कशी करून द्यायची?

---

तुराटी
रात्री १०:५०

उडवीचं वाचून काटा आला अंगावर.

आमच्याकडे यवतमाळच्या बाजूला जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. कपाशी उलंगली की पऱ्हाट्या उपटून घराच्या मागे ढीग. तुराटी भसकन पेटते आणि भसकन विझते, तिच्यावर चहा होतो, भाकर नाही. भाकरीला आर, म्हणजे लाल निखारे पाहिजेत आणि आर धरावा तो बाभळीनेच. आई तव्यावरून भाकर उतरवून चुलीच्या तोंडाशी आरासमोर उभी करायची आणि ती अशी टम्म फुगायची की आम्ही भावंडं आधीच तिच्यावर हक्क सांगून ठेवायचो. गॅसवर थेट ज्वाळेवर फुगवलेली भाकर मी आजही खातो, पण तिच्या पदराला ती खमंग चव नसते. ज्वाळेने भाकर करपते, आराने शेकते. यात फार फरक आहे.

आईचं एक होतं, पहिल्या भाकरीचा तुकडा चुलीत टाकल्याशिवाय ती कोणाला ताट वाढायची नाही. चूल फुरफुरली की म्हणायची, हसली बघ, कोणीतरी पाहुणा येतो. आणि एक मूठ पीठ जास्त भिजवायची.

---

पोपटीवाला
रात्री ११:०५

रायगडात या दिवसांत पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, खडेमीठ, मध्ये अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला गच्च दाबायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेतात मडकं पालथं ठेवून भोवती काटक्या, गवत, शेण्या रचून पेटवायचं. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला आणि चर्र होऊन लगेच सुकला की झाली. आमच्यात जाळावर बसायचा मान सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा, बाकीच्यांनी फक्त काटक्या आणायच्या. लेकीला घेऊन या एकदा. काडी कशी धरायची ते शिकवू तिला.

---

सारवण
सकाळी ७:३०

भानवस, फार सुंदर लिहिलंत. तरीही मला बोलल्याशिवाय राहवत नाही. राग मानू नका.

चुलीवरच्या भाकरीची चव सांगणारे बहुतेक खाणारे असतात. माझी आई करणारी होती. परभणी जिल्ह्यातलं आमचं घर, बारा बाय दहाची खोली, एक झरोका. पावसाळ्यात जळण ओलं. ती जमिनीला गाल टेकवून फुंकायची आणि डोळ्यांतून सतत पाणी. लहानपणी मला वाटायचं, स्वयंपाक करताना सगळ्याच आया रडतात. पंचेचाळिशीत तिला दम लागायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "बाई, बिडी किती वर्षं ओढता?" तिने आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. वडील बाहेर बसले होते, त्यांना आत बोलवून तिने तोच प्रश्न त्यांच्यासमोर परत विचारायला लावला. का, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आपण काय सोसलं, ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांच्या कानावर पडावं म्हणून.

आणि जळण आणणं. उन्हाळ्यात तीन-तीन कोस. डोक्यावर मोळी, त्यावर कधी शेणाची पाटी. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि आमच्या वस्तीत बऱ्याच घरी सिलिंडर आले. मी तेव्हा आनंदाने रडले, पण आई ते बघायला नव्हती. पुढे टाकी भरायला पैसे नाहीत म्हणून त्यातल्या काही घरी चूल परत पेटली. टाकी कोपऱ्यात, वर देवाचा फोटो. मला या धाग्यात कोणाची आठवण खोडायची नाही. फक्त चुलीसमोर जी बाई बसली होती तिच्या फुप्फुसाचीही आठवण इथे असावी.

---

भानवस
सकाळी ८:१०

सारवणताई, राग कसला. माझ्या आजीलाही शेवटी दिसत नव्हतं आणि आम्ही ते म्हातारपणावर टाकलं. तुमच्या आईचं इथे लिहिलंत, बरं केलंत.

---

फौजी_माणदेश
सकाळी ९:४५

मी सेवानिवृत्त सैनिक, माण तालुका. विस्तवाने काय दिलं विचारलंत म्हणून उबेबद्दल लिहितो.

लडाखमध्ये द्रासच्या पुढच्या एका चौकीवर हिवाळा काढलाय. पारा उणे २०च्या खाली. तिथे बुखारी हीच आई. लोखंडी पिंप, वरून थेंबथेंब घासलेट, छतातून बाहेर जाणारं धुराडं. आत माणसं पाय तिच्याकडे करून झोपायची. घरून आलेलं पत्र आधी बुखारीजवळ धरायचं, कागद मऊ झाला की उघडायचं, कारण गोठलेल्या हाताने फाटायचं. माझ्या बायकोच्या पत्रांना अजून त्या घासलेटचा वास आहे.

पण बुखारीचा पहिला नियम असा की सगळ्यांनी झोपायचं नाही. एक जण जागा. धुराडं बर्फाने बुजलं की आतला जाळ अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. माणसाला फक्त गुंगी येते, डोकं जड होतं आणि तो उबेत झोपून राहतो तो राहतोच. आमच्या पलीकडच्या बंकरमध्ये एका रात्री तसं होता होता राहिलं. जागा असलेला पोरगा दार उघडायला गेला आणि उंबऱ्यातच कोसळला, पण दार उघडलं होतं.

गावी आल्यावर बघतो, थंडीत बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात आणि वारं लागू नये म्हणून फटीत चिंध्या कोंबतात. बाळंतिणीला शेक द्या, ओव्याची धुरी द्या, मी नको म्हणत नाही. पण दार किलकिलं ठेवा आणि झोपायच्या आधी शेगडी अंगणात नेऊन ठेवा. हात जोडून सांगतो.

---

पट्टी
दुपारी २:२०

मी शस्त्रक्रियेची डॉक्टर आहे, उमेदवारीची दोन वर्षं जळित वॉर्डात काढली. भानवसच्या आजींनी तेव्हा जे हाताशी होतं ते लावलं, त्यांना दोष नाही. पण आज कोणी वाचत असेल तर कृपया निवळी-तेल, हळद, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा किस यातलं काहीही लावू नका. नळाखाली धरा. साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको. भाग मोठा असेल तर पाणी थोडा वेळच, मग कोरड्या स्वच्छ चादरीत गुंडाळून लगेच दवाखाना, कारण अंग गार पडतं. अंगठी, पाटल्या, हिरव्या बांगड्या ताबडतोब काढा, लागलं तर फोडा. तासाभरात हात सुजतो आणि मग त्या कापाव्या लागतात. बांगडी फोडायला घरची माणसं कचरतात, अपशकुन म्हणून. मी अशा वेळी स्वतःच्या बांगड्या आधी काढून ठेवायचे, मग त्या बाईचा हात हातात घ्यायचे.

किती भाजलंय हे फोनवर सांगायचं झालं तर त्या माणसाचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का धरा. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर पडून लोळा. बाकीच्यांनी घोंगडी किंवा जाड सुती चादर टाका. नायलॉन टाकू नका, ते वितळून कातडीला चिकटतं.

गॅसचा वास आला तर बटणाला हात लावू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, बाहेर जाऊन १९०६ लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. त्यामुळे उभ्या माणसाला वास कमी आला तरी खाली धोका असतो. (तो वासही मुद्दाम मिसळलेला असतो, मूळ गॅसला वास जवळजवळ नसतोच.)

आता एक गोष्ट जी लिहावी की नाही असा विचार करत होते.

वॉर्डात येणाऱ्या तरुण बायकांच्या कागदावर एकच वाक्य असायचं, "स्टोव्हचा भडका उडाला." मी पहिले काही महिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. एका वयस्कर सिस्टरने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "डॉक्टर, स्टोव्ह पुढून भडकतो. हिची पाठ बघा." त्यानंतर मी नातेवाइकांना बाहेर काढल्याशिवाय कोणाही बाईशी बोलले नाही. सासूला थांबू दिलं नाही, नवऱ्याला नाही, "मी धीर द्यायला थांबते" म्हणणाऱ्या नणंदेलाही नाही. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं. बायकांच्या मोर्चांनी ते आणवलं. त्या मोर्चांतल्या कित्येकींनी असे वॉर्ड आतून बघितले होते. आगीच्या आठवणी म्हटलं की मला शेकोटीच्या आधी ती पाठ आठवते. क्षमा करा.

---

सारवण
दुपारी २:५५

क्षमा कशाला मागता डॉक्टर. आमच्या गल्लीतली एक ताई अशीच गेली. दहावीला माझी इंग्रजीची वही तिने पूर्ण करून दिली होती. "स्टोव्ह" हा शब्द वाचला की मला तिचं अक्षर दिसतं.

---

गोदीकाठ
दुपारी ४:४०

आमचे आजोबा माझगावला राहायचे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज लागलं होतं. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात साधारण १,४०० टन स्फोटकं, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी कापूस धुमसायला लागला. कापूस म्हणजे राखेत पुरलेल्या निखाऱ्यासारखाच, वरून पाणी मारलं तरी आत जिवंत. बंबवाले चढले, पाणी मारत राहिले. चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. आजोबा तेव्हा तेरा वर्षांचे, गच्चीवर होते. ते सांगायचे की आकाशातून जळता कापूस पडत होता, सावकाश, पिसासारखा, आणि जिथे पडेल तिथे आग. लोक म्हणत होते जपान्यांनी बाँब टाकले.

त्या जवानांच्या आठवणीत १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळतात. आजोबा असेपर्यंत आमच्या घरात दिवाळीला फटाके नाही आणले. फुलबाजीसुद्धा नाही. आम्हा मुलांना फार वाईट वाटायचं. मात्र लाल बंब रस्त्याने गेला की ते हातातलं काम टाकून उभे राहायचे, तो दिसेनासा होईपर्यंत. शेवटच्या आजारपणात खिडकीखालून बंब गेला तेव्हा उठता येईना, तर त्यांनी पलंगावर पाय जुळवून घेतले.

---

कुसळी
संध्याकाळी ६:१५

मी भोर भागात राहतो. डोंगरउतारावर शेती आहे आणि गेली अकरा वर्षं आम्ही गावातली पंधरा-वीस जणं वणवे विझवायला जातो. माझं लांबणार आहे.

पहिल्यांदा हे मान्य करतो की आमच्या बापजाद्यांना आग वापरता येत होती. राब भाजणं बघा. भाताच्या रोपाची जागा आधी ठरवायची, त्यावर शेण, कवळं (तोडलेल्या पानांच्या फांद्या), पालापाचोळा, गवत थराथराने पसरायचं, वर माती भुरभुरायची म्हणजे जाळ भडकत नाही, नुसता धुमसत जातो. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, चारी बाजूंनी रेष साफ करून, माणसं उभी करून. त्याने तण मरतं, रोप जोमाने येतं. झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात म्हणून राबावर टीका होते आणि त्यात तथ्य आहे. पण ती राखलेली आग होती.

वणवा म्हणजे सोडलेली आग. जानेवारी उजाडला की गवत वाळतं आणि कोणीतरी काडी टाकून पुढे जातं. कोणी म्हणतं, जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं. कोणी विडी टाकतं. कोणी डोंगरावर फिरायला येऊन चूल मांडतं आणि वर पाणी न ओतता उठतं. गवताचं म्हणाल तर पहिल्या पावसात काळी राख आणि तिच्याबरोबर वरची माती ओढ्यात जाते. आमच्या वरच्या पठारावर दरसाल जळणाऱ्या बाजूला आता कुसळी गवत आणि उघडा मुरूम आहे. जी बाजू आम्ही सहा वर्षं जळू दिली नाही तिथे पवना परत आलाय, करवंद आणि कारवी दाटली आहे.

विझवायचं कसं, तर पाणी नसतंच. हिरव्या फांद्यांची झोडणी घेऊन कडेकडेने आग बडवायची, समोरून कधीच नाही. जाळाच्या वरच्या बाजूला उतारावर उभं राहायचं नाही, कारण आग चढावर पळते, माणूस पळू शकत नाही तेवढी. डिसेंबरातच जाळरेषा काढून ठेवायच्या, म्हणजे पट्टा साफ. फार झालं तर त्या रेषेवरून समोरून प्रतिआग लावायची, पण ते जाणत्या माणसाचं काम आहे, वाऱ्याचा अंदाज चुकला की दोन वणवे होतात. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे, पण काडी टाकणारा हातात सापडत नाही.

गेल्या मार्चमध्ये रात्री एकला आम्ही एक उतार विझवला. सकाळी परत बघायला गेलो, धुमसणारी खोडं राहतात म्हणून. एका जळक्या बुंध्याशी टिटवी उभी होती. तिचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर चार खडे मांडल्यासारखं. भोवती गवत नव्हतं म्हणून तिथे जाळ पोचला नव्हता, पण धगीने काय झालं असेल माहीत नाही. अंडी चारही जागेवर होती, काजळी धरलेली. ती आम्हाला बघून ओरडली नाही. टिटवी ओरडली नाही असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आम्ही वाट सोडून लांबून गेलो.

---

तुराटी
संध्याकाळी ६:४०

आमच्या विदर्भात हेच मोहासाठी होतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तिथली आग पुढे जंगलात शिरते. वेचणाऱ्याचं पोट त्यावर आहे, त्याला शिव्या देऊन काय होणार? आमच्या एका पाहुण्यांच्या गावात झाडाखाली जुन्या साड्या आणि जाळ्या पसरतात, फुलं त्यावरच पडतात. वेचायलाही सोपं आणि जाळावंही लागत नाही.

---

डिचोली
रात्री ८:००

गोव्यातून लिहितेय. शिरगावची लईराईची जत्रा, वैशाख शुद्ध पंचमी. धोंड, म्हणजे देवीचे भक्त, व्रत करतात, हातात वेताची काठी, देवीला मोगऱ्याचे कळे. रात्रभर होमखण (लाकडांचा मोठा होम) जळतो आणि पहाटेकडे त्या निखाऱ्यांतून धोंड चालतात. माझे बाबा तीस वर्षं धोंड होते. त्यांच्या पायांना घरी आल्यावर आई खोबरेल लावायची, तेव्हा मी बघायचे. कधी फोड असायचे, कधी नसायचे. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "आगीत शिरताना मनात कोणाबद्दल काही ठेवायचं नाही." त्या आधीच्या आठवड्यात ते रुसलेल्या भावाकडे जाऊन बोलून यायचे. दरवर्षी.

---

परदेशस्थ_पेणकर
रात्री ९:२५

कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. ९ सप्टेंबर २०२०. सकाळी आठला उठलो तर बाहेर नारिंगी अंधार. वणवे दूर होते, पण धूर धुक्याच्या वर चढून बसला आणि सूर्य उगवलाच नाही असं वाटलं. दुपारी बाराला घरात दिवे. अंगणात राखेचे कण. मुलगा विचारत होता, बाबा सकाळ कधी होणार. आम्ही दाराशी पिशवी भरून ठेवली होती: पासपोर्ट, औषधं, लग्नाचा अल्बम आणि बायकोने न विचारता ठेवलेला तिच्या आईचा पोळपाट. तो पेणहून आलेला होता. निघायची वेळ आली नाही. पण पिशवी अजून दाराशीच आहे, आणि पोळपाट रोज तिच्यातून काढतो नि परत ठेवतो.

---

फौजी_माणदेश
रात्री ९:५०

कुसळी भाऊ, पुढच्या जाळरेषेला मला बोलवा. वय ६३ आहे, पण झोडणी धरता येते.

---

कुसळी
रात्री १०:०२

या की. डिसेंबरात कळवतो. आमच्यात कोणाला धाप लागली तर थांबून वाट बघणारी माणसं आहेत.

---

भानवस
दुसऱ्या दिवशी, रात्री ११:३०

कालपासून तीनदा हा धागा वाचला. काल संध्याकाळी लेकीला गच्चीवर घेऊन गेले, एक घमेलं वाळू आणि एक बादली पाणी घेऊन. काडी स्वतःपासून लांब ओढायची, पेटली की आडवी धरायची, खाली केली की बोटाकडे येते, हे दाखवलं. बारा काड्या लागल्या. तेराव्या काडीने तिने पणती लावली आणि वाऱ्याला आपसूक तळहाताचा आडोसा धरला. तो मी शिकवला नव्हता.

भावाला या धाग्याचा दुवा पाठवला होता. तो नाशिकला असतो. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. घरात कोणीच बोललं नाही, काकीसमोर तर नाहीच. तिने त्यानंतर पाण्याच्या चुल्याजवळ बसणं सोडलं होतं, ते काम आई करायला लागली. तिच्या तोंडून मी एकदाच ऐकलंय, आईशी बोलताना, "गाय भाजी खाऊन खाऊन किती खाणार होती?"

आज त्याचा फोन आला. म्हणाला, ताई, तू लिहिलंयस ते बरोबर आहे, पण एक तुला माहीत नाही. दवाखान्यातून आणलं त्या रात्री हात आग आग होत होता म्हणून मला जाग आली. काकी माझ्या अंथरुणाशी बसली होती, विंझणा घेऊन. नुसत्या हातावर वारा घालत. मी झोपेचं सोंग केलं, कारण जागा आहे कळलं तर ती थांबेल असं वाटलं. मग खरंच झोपलो. पुन्हा उठलो तेव्हा आजी चुलीतली राख बाजूला करत होती आणि काकीचा हात तसाच हलत होता.

हे त्याने तिला कधी सांगितलेलं नाही. काकी आता ८१ वर्षांची आहे, गावी असते, ऐकू जरा कमी येतं. तिला वाटतं त्याला फक्त जाळ आठवत असेल.

शिमग्याला आम्ही दोघं जातोय. त्याने रजा टाकली आहे.